मोंपेलिए २०११-१२ : संघाची ताकद की पॅरिसची गडबड?

नऊ नंबर

२०१२-१३ पासून २०२४-२५ पर्यंतच्या तेरा हंगामांत फ्रान्सच्या लीग १ चे, म्हणजे तिथल्या पहिल्या विभागाच्या फुटबॉल स्पर्धेचे, जेतेपद अकरा वेळा पॅरिस सेंट जर्मेनकडे गेले. उरलेल्या दोन वेळा मोनॅको (२०१६-१७) आणि लिल (२०२०-२१) यांनी ते पटकावले. ही रांग सुरू होण्याच्या अगदी आधी, कतारचा पैसा पॅरिसमध्ये येऊन पहिलेच वर्ष झालेले असताना, मोंपेलिए या दक्षिणेकडच्या क्लबने लीग जिंकली होती. आदल्या हंगामात हा संघ चौदावा होता आणि २००९ मध्ये तर तो दुसऱ्या विभागातून वर आला होता. त्याआधी त्याने ही स्पर्धा कधी जिंकली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

गेला महिनाभर मी त्या हंगामातले जुने सामने मिळतील तसे पाहतो आहे. ‘पॅरिस गोंधळात होते म्हणून मोंपेलिएला मिळाले’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला आता अन्यायाचे वाटू लागले आहे. म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी संघ पाहू. गोलमध्ये जोफ्रे जुर्द्रें, मध्यभागी बचावात कर्णधार मापू यांगा-म्बिवा, मधल्या फळीत बेंजामिन स्तांबुली आणि जामेल साइही, त्यांच्या पुढे युनेस बेलहांदा, रेमी काबेला आणि करीम आइत-फाना. हे सगळे क्लबच्याच प्रबोधिनीत घडलेले. त्यांतल्या बेलहांदा, काबेला आणि स्तांबुली यांनी २००९ मध्ये गांबार्देला करंडक, म्हणजे फ्रान्समधली युवा संघांची राष्ट्रीय स्पर्धा, एकत्र जिंकली होती. त्यांच्याभोवती जे खेळाडू बसवले ते कोणालाच फारसे नको होते. विटोरिनो हिल्टन वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मार्सेकडून आला. डावा बचावपटू आंरी बेदिमो नुकत्याच खालच्या विभागात घसरलेल्या लाँसमधून आला. ऑलिव्हिए जिरू २०१० मध्ये दुसऱ्या विभागातल्या तूर क्लबकडून सुमारे २० लाख युरोंत आला होता. २०११ च्या उन्हाळ्यात पॅरिसने एकट्या हाव्हिएर पास्तोरेसाठी ४ कोटी २० लाख युरो मोजले, हे शेजारी ठेवून पाहावे.

प्रशिक्षक रने जिरार ४-२-३-१ (चार बचावपटू, त्यांच्या पुढे दोन, मग तीन आणि टोकाला एक आघाडीवीर) अशी मांडणी करत असे. तिच्यात काही नवे नव्हते, पण प्रत्येकाला आपली जागा आणि आपले काम नेमके माहीत होते. ३८ सामन्यांत २५ विजय, ७ बरोबरी, ६ पराभव, ६८ गोल केले, ३४ स्वीकारले, गुण ८२. पॅरिसचे गुण ७९.

माझा प्रश्न असा आहे की हा हंगाम संघबांधणीचे फळ मानावा की अपवादात्मक योगायोग? दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी लिहावे ही विनंती.

घाटमाथा

उत्तम विषय. एकच आकडा जोडतो. २००९-१० मध्ये मार्से ७८ गुणांवर आणि २०१०-११ मध्ये लिल ७६ गुणांवर विजेते झाले होते. म्हणजे पॅरिसने २०११-१२ मध्ये मिळवलेले ७९ गुण आधीच्या दोन्ही वर्षांत जेतेपदाला पुरले असते. पॅरिस गडगडले नाही. मोंपेलिएने त्याहून जास्त गुण केले.

तिसरा पंच

घाटमाथा यांचा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येईल असे मला वाटत नाही.

पहिली गोष्ट, पॅरिस डिसेंबरअखेर गुणतक्त्यात अव्वल होते आणि तरीही त्यांनी प्रशिक्षक आंत्वान कोंबुआरे यांना काढून कार्लो आन्चेलोत्ती यांना आणले. जानेवारीत थियागो मोटा, मॅक्सवेल आणि अॅलेक्स आले. अर्ध्या हंगामात प्रशिक्षक, मांडणी आणि तीन प्रमुख खेळाडू बदलूनही ज्या संघाला ७९ गुण मिळतात, तो संघ शांतपणे चालला असता तर किती गुण घेता, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट, बाकीचे मोठे संघ. मार्से त्या वर्षी दहाव्या स्थानी राहिले. लिऑन चौथे. आदल्या वर्षीच्या विजेत्या लिलने उन्हाळ्यात जेर्व्हिन्हो, आदिल रामी आणि योहान काबाय असे तिघे गमावले होते. शिवाय हे सगळे संघ युरोपीय क्लब स्पर्धांतही खेळत होते आणि मोंपेलिए चौदावे आल्यामुळे त्यांच्या वाट्याला आठवड्याच्या मध्ये युरोपचा सामना नव्हता. इतक्या लहान चमूला एवढी विश्रांती मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट, समोरासमोर काय झाले? सप्टेंबर २०११ मध्ये पॅरिसने मोंपेलिएला त्यांच्याच मैदानावर ३-० असे हरवले. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये २-२ बरोबरी झाली. दोन्ही सामन्यांत मोंपेलिएला विजय नाही.

मी त्या संघाला कमी लेखत नाही. पण अनुकूल परिस्थिती बाजूला ठेवून सारे श्रेय बांधणीला देणे मला मान्य नाही.

नऊ नंबर

तिसरा पंच, विश्रांतीचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी लिहायला हवा होता. समोरासमोरच्या सामन्यांबद्दल मात्र मतभेद आहे. फेब्रुवारीतल्या सामन्यात मोंपेलिए शेवटच्या काही मिनिटांपर्यंत २-१ ने पुढे होते आणि गियोम ओआरोने उशिरा बरोबरी साधली. सप्टेंबरमधला ३-० चा मार खाल्लेला संघ पाच महिन्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन जिंकण्याच्या उंबरठ्यावर येतो, यात मला वाढ दिसते.

भिंतीला पाठ

जिरूबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो, कारण त्याच्या खेळाची त्या काळात जी वर्णने झाली ती निम्मी होती. त्याचे २१ गोल सगळ्यांना ठाऊक आहेत. पॅरिसच्या नेनेचेही २१ होते, पण पेनल्टीशिवायचे गोल जिरूचे जास्त असल्याने सर्वाधिक गोलांचा मान त्याला मिळाला. माझ्या मते त्याचे खरे काम गोलच्या आधीचे होते.

मागून लांब पास आला की तो बचावपटूला पाठीवर घेई, छातीवर किंवा डाव्या पायावर चेंडू थांबवी आणि क्षणभर तसाच उभा राही. त्या क्षणभरात बेलहांदा त्याच्या बाजूने धावत पुढे निघालेला असे. चेंडू एका स्पर्शात बेलहांदाकडे, आणि तोवर दुसऱ्या बाजूने कडेचा आघाडीपटू, कामारा किंवा उटाका, आत शिरलेला. ही हालचाल एका सामन्यात सहा-सात वेळा दिसते, आणि ती माहीत असूनही समोरच्यांना अडवता येत नसे, कारण जिरूला मागे एकटा बचावपटू पुरत नसे आणि दुसरा आला की बेलहांदा मोकळा होई. बेलहांदाने १२ गोल केले. दोघांचे मिळून ३३, म्हणजे संघाच्या ६८ गोलांपैकी जवळजवळ निम्मे.

१३ मे २०१२ च्या लिलविरुद्धच्या सामन्याचा शेवट कृपया कोणीतरी शोधून पाहावा. हंगामातला शेवटून दुसरा सामना, गुणफलक ०-०, भरपाई वेळेतले चौथे मिनिट. नव्वद मिनिटे बचावपटूंशी झुंजलेला, जड शरीराचा हा आघाडीवीर उजवीकडून चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात शिरतो, बचावपटूंना चकवतो, गोलरेषेजवळ पोहोचतो आणि स्वतः न मारता चेंडू मागे सरकवतो. आइत-फाना तो जाळ्यात घालतो. संपूर्ण जेतेपद मला त्या एका पासमध्ये दिसते. एक जण दुसऱ्या विभागातून आलेला, दुसरा प्रबोधिनीतला, आणि चेंडू कोणाकडे द्यायचा याबद्दल थकलेल्या अवस्थेतही मनात संभ्रम नाही.

याच जिरूने पुढे २०१८ चा विश्वचषक जिंकला आणि ५७ गोलांसह तो फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याला कोणी ओळखत नव्हते, हे सांगितले तर आज खरे वाटत नाही.

तिसरा पंच

भिंतीला पाठ, लिलविरुद्धचा तो गोल मी आत्ता पुन्हा पाहिला. आपले वर्णन तंतोतंत आहे. मात्र भरपाई वेळेतल्या चौथ्या मिनिटाचा गोल माझ्या बाजूचा पुरावा मानायचा की आपल्या, हे ठरवणे कठीण आहे.

सांजदिवा

मी त्या वर्षी मोंपेलिएत शिकायला होते. फुटबॉल मला तेव्हा फारसा कळत नव्हता, त्यामुळे डावपेचांवर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण त्या शहरात तो संघ कसा दिसत होता हे सांगू शकते.

ट्रामची पहिली मार्गिका निळ्या रंगाची असते आणि डब्यांवर पांढऱ्या पाकोळ्या काढलेल्या असतात. तिचे शेवटचे थांबे ला पाइयाद या वस्तीत आहेत आणि मोसों मैदान तिथेच आहे. क्लबला गावात पुष्कळ जण ‘ला पाइयाद’ असेच म्हणतात. उंच उंच इमारतींची, बहुतांश उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची ही कष्टकरी वस्ती आहे. आमच्या विद्यापीठातल्या अनेकांनी तिकडे कधी पाऊल टाकले नव्हते. त्या वसंतात मात्र सामन्याच्या दिवशी ट्राममध्ये उभे राहायला जागा नसे, आणि त्यांत प्रयोगशाळेतले आमचे सहकारीही असत.

२० मेच्या रविवारी मी मैत्रिणींबरोबर कॉमेदी चौकाजवळच्या एका कॅफेत होते. सामना दूर ओसेरला होता. ओसेरचा संघ ३२ वर्षांनी पहिल्या विभागातून खाली जाणार हे आधीच नक्की झाले होते आणि त्यांचे संतापलेले प्रेक्षक मैदानावर टेनिसचे चेंडू आणि कागदाची भेंडोळी फेकत होते. पंचांना सामना थांबवावा लागत होता. पॅरिसचा लोरियाँमधला सामना संपला, त्यांनी तो २-१ जिंकला, आणि आमच्या इथे अजून खेळ बाकी होता. कॅफेच्या मालकाने काउंटरवरचे सगळे ग्लास उचलून खाली ठेवले, एकही फुटू नये म्हणून. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा पडद्याकडे पाहतच नव्हते, ते नातवाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज घेत होते. शिट्टी वाजली तेव्हा नातू टेबलावर चढला आणि आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

नऊ नंबर यांनी विचारलेल्या प्रश्नावर माझे उत्तर एवढेच आहे की त्या रात्री चौकात कोणी ‘पॅरिस हरले’ असे म्हणत नव्हते. मुलांची नावे घेतली जात होती.

घाटमाथा

सांजदिवा, मनापासून आभार. आजोबांची टोपी लक्षात राहील.

मी तो सामना इथे, आपल्या मध्यरात्री साडेबाराला, फक्त गुणफलकावर पाहिला होता. आदल्याच रात्री म्युनिकमध्ये चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली होती आणि दुसऱ्या रात्रीचे जागरण घरच्यांना मान्य नव्हते. ओसेरचा ऑलिव्हिए कापो याने पहिला गोल केला तेव्हा मी जवळजवळ झोपायला निघालो होतो. बरोबरी पुरेशी होती, पण हरले असते तर पॅरिसच्या विजयामुळे सगळे गेले असते, कारण गुण समान होऊन गोलफरकात पॅरिस पुढे निघाले असते.

निळा नारिंगी

अध्यक्षांचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. लुई निकोलँ यांनी १९७४ मध्ये हा क्लब उभा केला आणि २०१७ मध्ये निधन होईपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. त्यांचा व्यवसाय कचरा गोळा करण्याचा होता. जिंकलो तर केस तुर्‍यासारखे कापून क्लबच्या निळ्या-नारिंगी रंगांत रंगवीन असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. सत्तरीकडे झुकलेल्या, भरभक्कम देहाच्या त्या माणसाच्या डोक्यावरचा तो तुरा पाहून सगळे शहर हसले, तेही हसले.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. निकोलँ यांच्याजवळ पॅरिसइतका पैसा कधीच नव्हता, पण घाईही नव्हती. चौदावे स्थान मिळाल्यावर बहुतेक अध्यक्षांनी प्रशिक्षक बदलला असता. त्यांनी जिरारला ठेवले. जिरार पूर्वी २१ वर्षांखालील फ्रेंच संघाचा प्रशिक्षक होता, त्यामुळे विशीतल्या मुलांना कधी सैल सोडायचे आणि कधी आवळायचे हे त्याला कळत होते. त्याच वर्षी पॅरिसने अव्वल स्थानावरच्या प्रशिक्षकाला घरी पाठवले. तिसरा पंच ज्याला परिस्थिती म्हणतात, त्यातला हा भाग परिस्थितीचा नसून निर्णयाचा आहे. एका घरात चुकीचा निर्णय झाला आणि दुसऱ्या घरात बरोबर.

तिसरा पंच

निळा नारिंगी, हा युक्तिवाद मला पटला. प्रशिक्षक टिकवणे हे संघबांधणीतच मोजायला हवे. बाकीच्या मोठ्या संघांच्या दुबळेपणाबद्दल मात्र माझे म्हणणे कायम आहे.

उत्तरेचा वारा

लिलच्या २०२०-२१ च्या जेतेपदाशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही असे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लिलने ८३ गुण मिळवले, पॅरिसने ८२. ३८ सामन्यांत फक्त तीन पराभव आणि फक्त २३ गोल स्वीकारलेले. गोलरक्षक माइक मेन्यानने २१ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. मध्यभागी ३७ वर्षांचा जोझे फोन्ते आणि २१ वर्षांचा स्वेन बोटमन, म्हणजे हिल्टन आणि यांगा-म्बिवा यांच्यासारखीच म्हातारा-तरुण अशी जोडी. पुढे ३५ वर्षांचा बुराक यिल्माझ, जो विनामूल्य आला आणि ज्याने १६ गोल केले.

साम्य इथे संपते. मोंपेलिएचा पाया घरच्या मुलांचा होता, तर लिलचा पाया शोधून आणलेल्या खेळाडूंचा. निकोला पेपे, व्हिक्टर ओसिमेन, गॅब्रिएल अशा खेळाडूंना मोठ्या किमतीला विकायचे आणि त्या पैशांतून पुढची पिढी आणायची, हे त्यांचे चक्र होते. ते खेळाडूंची निवड-खरेदी पाहणाऱ्या लुइस कांपोस यांनी फिरवले आणि हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर २०२० मध्ये, ते स्वतःच क्लब सोडून गेले. त्याच महिन्यात मालकी बदलली. प्रक्षेपण हक्कांचा मोठा करारही मोडला होता. तरीही प्रशिक्षक क्रिस्तॉफ गाल्तिए यांनी खेळाडूंना एकत्र ठेवले. एप्रिलमध्ये पॅरिसला त्यांच्या घरी १-० ने हरवले आणि पुढे लिऑनमध्ये ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असा विजय मिळवला.

तिसरा पंच यांना विचारावेसे वाटते की लिलच्या वर्षी गडबड विजेत्याच्याच घरात होती. मग पॅरिसच्या गडबडीचा सिद्धान्त तिथे कसा लावायचा?

तिसरा पंच

पॅरिसनेही त्या हंगामात डिसेंबरमध्ये प्रशिक्षक थॉमस टुकेल यांना काढून जानेवारीच्या सुरुवातीला मॉरिसिओ पोचेटिनो यांना आणले होते. म्हणजे दोन्ही वेळा डिसेंबर, दोन्ही वेळा प्रशिक्षकबदल, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलेले जेतेपद. हे साम्य माझ्या बाजूचे आहे. पण लिलने आपल्या घरातली पडझड सोसून जिंकले, म्हणून त्यांचा पराक्रम मी मोंपेलिएपेक्षा मोठा मानतो.

रानवाट

मी मानत नाही. लिलकडे दहा वर्षांपूर्वीचेच जेतेपद होते, मोठे मैदान होते, २०१८-१९ चे दुसरे स्थान होते. मोंपेलिएच्या मुलांना लीग जिंकणे म्हणजे काय हे सांगणारा ड्रेसिंग रूममध्ये जवळजवळ एकटा हिल्टन होता. त्याने २०१० मध्ये मार्सेबरोबर लीग जिंकली होती.

उत्तरेचा वारा

हिल्टनचे नाव निघाले म्हणून सांगतो. ज्याला मार्सेने संपलेला समजून सोडले, तो मोंपेलिएसाठी २०२१ पर्यंत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पहिल्या विभागात खेळला. तो वेगवान कधीच नव्हता. तो पास कुठे जाणार हे आधी ओळखत असे. त्यामुळे वेगवान यांगा-म्बिवाला पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याची मुभा मिळे.

कोरा कागद

धागा वाचून एक शंका आली. बांधणी इतकी पक्की होती तर पुढच्याच वर्षी संघ नववा का आला? चॅम्पियन्स लीगच्या गटात शाल्केविरुद्धच्या दोन बरोबरींचे दोन गुण, बाकी काही नाही.

नऊ नंबर

कोरा कागद यांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मूळ मांडणीतला हाच सर्वांत कच्चा दुवा आहे, म्हणून त्यावर दोन दिवस विचार करून लिहितो आहे.

जिरू लगेच आर्सेनलला गेला. यांगा-म्बिवा जानेवारी २०१३ मध्ये न्यूकॅसलला, बेलहांदा त्या उन्हाळ्यात डायनॅमो कीव्हला, आणि २०१४ मध्ये काबेला न्यूकॅसलला व स्तांबुली टॉटनहॅमला. जिरारनेही २०१३ मध्ये क्लब सोडला. भिंतीला पाठ यांनी जी हालचाल वर्णन केली, ती जिरू गेल्यावर शक्यच राहिली नाही, कारण तिच्यातला पहिला माणूसच नाहीसा झाला. प्रबोधिनीतून एकाच वेळी इतकी मुले वर येणे ही दर वर्षी घडणारी गोष्ट नव्हे. म्हणजे बांधणी होती, पण ती एका पिढीची बांधणी होती. लिलचे चक्र विकून पुन्हा उभे राहण्यासाठीच रचलेले होते, मोंपेलिएचे तसे नव्हते, आणि २०२४-२५ मध्ये तळाला राहून हा क्लब पहिल्या विभागातून खाली गेला, तेव्हा मला फार वाईट वाटले.

तिसरा पंच यांच्यामुळे माझे मत थोडे बदलले आहे. बाकीचे संघ दमलेले नसते तर ८२ गुण झाले नसते हे मी मान्य करतो. पण दमलेल्या संघांचा फायदा त्या वर्षी इतर अनेकांनाही खुला होता, आणि तो घेण्याइतका तयार संघ एकच होता.

भिंतीला पाठ

ओसेरमधले मोंपेलिएचे दोन्ही गोल कोणी केले हे अजून या धाग्यावर आले नाही, म्हणून नोंदवतो. जॉन उटाका. नायजेरियाचा, तीस वर्षांचा, २००८ मध्ये पोर्ट्समथबरोबर एफए कप जिंकलेला. ना तो प्रबोधिनीतला, ना जिरूसारखा कोणाच्या नजरेत भरलेला. दुसरा गोल शेवटच्या पंधरा मिनिटांच्या तोंडावर झाला.

सांजदिवा

हो, उटाकाच. आजोबांनी नातवाला विचारले होते, ‘कोणी मारला?’ आणि उत्तर ऐकून ‘पुन्हा तोच?’ असे म्हणाले होते.